अर्ध्या म्हशीचं देणं

आधीच माफी मागून ठेवते. माझं अक्षर वळणदार नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा नदीपलीकडे होती आणि घरात धाकट्या भावंडांना सांभाळायला कुणीतरी हवं होतं. त्यानंतर माझं लिहिणं म्हणजे वाण्याची यादी आणि राखीच्या पाकिटात भावाला चार ओळी. ही वही नातीची आहे. पुढच्या पानांवर तिची गणितं आहेत, ती मी फाडली नाहीत, मागच्या बाजूने लिहिते आहे.

कुणाला दाखवायचं म्हणून लिहीत नाही. चार माणसं बसलेली असली की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. मुलगा म्हणतो, आई मंडळाच्या कार्यक्रमाला येते आणि चपलांजवळची खुर्ची शोधते. खरं आहे ते. पण गेल्या रविवारी मी बोलले, अनोळखी माणसांत बोलले. ते विसरायच्या आत कुठेतरी ठेवावं असं वाटलं.

माझ्या आईचं माहेर वळिवडे, कोल्हापूरच्या शेजारी. आई लहान होती तेव्हा तिथे पोलंडची माणसं राहायची. इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेत हे सांगितलं तर आपली माणसंसुद्धा हसतात, त्यांना वाटतं म्हातारी काहीतरी घोटाळा करते आहे. पण ते खरं आहे. मोठ्या लढाईत रशियाने त्यांना घरांतून उठवून बर्फाच्या मुलखात नेऊन टाकलं होतं. तिथून जगून सुटले ते इराणवरून फिरत फिरत आमच्या पंचगंगेच्या काठाला आले. बायका आणि पोरंच जास्त, पुरुष लढाईवर. त्यांच्यासाठी बराकींच्या रांगा बांधल्या. आई सांगायची, आल्या आल्या त्या बायकांनी बराकीपुढची माती उकरून फुलं लावली. मग शाळा काढली, चर्च केलं. घर गेलेलं, माणसं गेलेली, आणि या बायका पडद्यांना झालर लावत बसायच्या. माझ्या आजीला याचं फार नवल. ती म्हणायची, रडत बसायचं सोडून झालर काय लावतात.

माझे आजोबा त्या कॅम्पात दुधाचा रतीब घालायचे. सायकल नव्हती, डोक्यावर चरवी घेऊन चालत जायचे आणि बराकींच्या तोंडाशी ओरडायचे, "दूध बाई दूध." पहिलं दूध वरच्या आवाजात, दुसरं खाली उतरलेलं. आई त्यांची नक्कल हुबेहूब करायची. मी लहान असताना मला झोपवायलासुद्धा तिने ती हाळी वापरली आहे.

एका उन्हाळ्यात आजोबांची म्हैस मेली. रतीब बंद पडला. कॅम्पातली एक शाळामास्तरीण होती, तिचं लहान मूल अशक्त होतं. ती चौकशी करत वळिवड्यात घरापर्यंत आली. तिने चार-पाच बराकींतून पैसे जमवले आणि आजोबांच्या हातात ठेवले. म्हैस घे, आणि पैशांच्या जागी दूध दे, असा सौदा. आजोबांना लिहिता येत नव्हतं. त्यांनी काव कालवली आणि दाराजवळच्या भिंतीवर देण्याच्या दुधाच्या तांबड्या रेघा ओढल्या, जेवढे शेर तेवढ्या रेघा. रोज दूध घालून आले की ओल्या बोटाने त्या दिवसाच्या रेघा पुसायच्या. आईला ते पुसण्याचं काम आवडायचं. बोटाला लागलेली काव ती परकराला पुसायची आणि आजीच्या हातचा धपाटा खायची.

निम्मी भिंत पुसून झाली असेल, तेवढ्यात कॅम्प उठल्याची बातमी आली. आगगाडी ठरली होती. आजोबांकडे रोख पैसे कुठले? त्यांनी म्हैस सोडली आणि दोरी धरून स्टेशनाकडे निघाले. आई मागून शेपटीजवळ, हातात बारीक काठी घेऊन. स्टेशनावर ही गर्दी, ट्रंका, रडारड. स्टेशनमास्तर म्हणाले, अरे म्हशीचं तिकीट काढलंस का? सगळे हसले. आजोबा डब्याडब्यापुढून म्हैस घेऊन फिरले. शेवटी ती बाई खिडकीत सापडली. आजोबांनी दोरी तिच्यापुढे धरली. ती खाली उतरली, म्हशीच्या कपाळावर हात ठेवला, हसली, मग रडली, आणि दोरी परत आजोबांच्या हातात दिली. गाडी गेली.

पुढे त्याच बराकींत सिंधी लोक आले, तेही घरदार सोडून आलेले. आता तिथे कापडाचा मोठा बाजार आहे. पण आमच्या आजोळच्या भिंतीवर उरलेल्या रेघा तशाच होत्या. दर दिवाळीला आजी भिंत सारवायची, चुना द्यायची, आणि तेवढी जागा सोडायची. मी स्वतः पाहिल्या आहेत. पांढऱ्या भिंतीत तो एक मळका चौकोन, त्यात फिकट तांबड्या रेघा. मामाने घर नवं बांधलं तेव्हा गेल्या. आई त्या दिवशी जेवली नाही. आणि पुढे आजारपणात अंथरुणावर पडून मला म्हणाली, "माझ्या बाऽचं देणं ऱ्हायलं बघ. अर्ध्या म्हशीचं." मी म्हटलं, बघू गं. दुसरं काय म्हणणार होते? मला तर कागलच्या पलीकडे जायचं माहीत नव्हतं.

मिस्टर गेल्यावर मुलाने मला इकडे आणलं. नात लहान होती. आमच्या घराच्या मागे लाकडी कुंपण आहे, आणि कुंपणापलीकडे एक म्हातारी एकटीच राहते. पहिल्या उन्हाळ्यात मी मागे कपडे वाळत घालत होते तर शेपूचा वास आला. मी वासाच्या मागे कुंपणापर्यंत गेले. पलीकडे वाफा भरून शेपू, कमरेएवढा. मुलाला शेपू आवडत नाही, घरात त्याचं नाव काढलं तरी नाक मुरडतो. मी कुंपणाच्या फटीतून बघत राहिले. तिने मला पाहिलं, काही न बोलता मूठभर खुडला आणि वरून हातात दिला. दुसऱ्या दिवशी मी मुगाची डाळ घालून केलेली शेपूची भाजी आणि भाकरी तिला दिली. तिने भाकरी हातात उलटी-सुलटी करून पाहिली, आणि ताट धुऊन परत देताना त्यात उकडलेल्या करंज्या होत्या, आत बटाटा आणि ताजं पनीर. आम्ही शेजारणी झालो.

तिचं इंग्रजी तुटकं, माझं त्याहून तुटकं. त्यामुळे आम्हाला एकमेकींचं बोलणं नातवंडांच्या बोलण्यापेक्षा बरं कळायचं. मी तिला ताई म्हणते. माझी नात मला आजी म्हणून हाक मारते, तर तिला वाटलं माझं नावच ते, म्हणून माझ्यापेक्षा मोठी असूनही ती मला आजी म्हणते.

ती पोलंडची, हे मला वर्षभराने कळलं. मी विचारलंच नव्हतं. मी असंच विचारत नाही कुणाला काही. तिच्या स्वयंपाकघरात एक फोटो होता, ढिगाऱ्यावर उभ्या असलेल्या बाईचा, हातात वीट. ती म्हणाली, ही माझी आई. लढाईत आमचं शहर जमीनदोस्त झालं होतं, मग लोकांनी विटा वेचून, जुनी चित्रं बघून, होतं तसं पुन्हा बांधलं. त्याआधी तर शंभर-सव्वाशे वर्षं आमचा देशच नकाशावर नव्हता, शेजारच्या तीन राज्यांनी वाटून घेतला होता. शाळेत पोलिश बोलायला बंदी. मग आमच्या आज्या-पणज्यांनी चुलीपुढे बसून पोरांना आपली भाषा शिकवली. मी विचारलं, देश नसताना तो परत येईल हे त्यांना कसं माहीत? ती म्हणाली, "माहीत नव्हतं. पोरांना जेवायला हाक कुठल्या भाषेत मारणार?"

हे मला फार पटलं. माझी नात मी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. तेव्हापासून मी तिला जेवायला हाक मारणं सोडलेलं नाही, ती येवो न येवो.

मग मी तिला वळिवड्याची गोष्ट सांगितली. शब्द पुरेनात तेव्हा कागदावर म्हैस काढली. शिंगं मागे वळलेली, तिला ती आधी बोकड वाटली. पण कळल्यावर ताई खुर्चीत सरळ बसली. तिने त्या कॅम्पाचं नाव ऐकलं होतं. तिच्या चर्चमधल्या लोकांना तिने फोन लावायला सुरुवात केली. महिन्याभराने कुंपणावरून म्हणाली, पेनसिल्व्हेनियात टेकडीवर आमच्या लोकांचं मोठं चर्च आहे, तिथे तुझ्या गावात राहिलेली माणसं वर्षातून एकदा जमतात. आता थोडीच उरली आहेत. येतेस?

त्या रात्री जेवताना मी घरात सांगितलं. मुलगा आधी हसला. म्हणाला, "आई, तेव्हाचे पैसे म्हणजे आज एक डॉलरसुद्धा नाही गं. मी ऑनलाइन डोनेट करतो, डन." सून नागपूरची आहे, चिडली की तिचं नागपूर बाहेर येतं. ती म्हणाली, "आईंना हातात द्यायचंय ते. तुला समजत नाही का बे?"

पैसे मला माझेच द्यायचे होते. मी इथे आपल्या लोकांना कांदा-लसणाची चटणी करून देते. आमच्याकडे तिखटाच्या मसाल्यालाच चटणी म्हणतात. सून फोनवर ऑर्डर घेते, मी कुटते. शेजारच्या एडिसन गावाहूनसुद्धा माणसं येतात. त्यातले साठवलेले होते. पण द्यायचे किती, हा प्रश्न होता. रुपये धरले तर मुलाचं खरं, डॉलरसुद्धा होत नाही. पण आईने कधी रुपये म्हटलंच नव्हतं. ती अर्धी म्हैस म्हणाली होती. मी भावाला फोन केला आणि विचारलं, सध्या चांगल्या दुभत्या म्हशीला काय पडतं.

तो म्हणाला, "का गं अक्का, तिकडं गोठा घालायचा इचार हाय का? पोराच्या मोटारीशेजारी बांध."

मी कारण सांगितलं. मग त्याने थट्टा सोडली. नंतर म्हणाला, चांगली म्हैस लाखाच्या आत येत नाही, आणि आजोबा वाईट म्हैस घेणारा माणूस नव्हता. लाखाचे निम्मे पन्नास हजार. सुनेने डॉलर करून दिले, सहाशे आले. मी नवीन नोटा मागून घेतल्या आणि लग्नाच्या आहेराच्या पाकिटात घातल्या, गणपतीचं चित्र असलेल्या. दुसरं पाकीट घरात नव्हतं.

रविवारी ताईने गाडी काढली. ती सावकाश चालवते, मागचे लोक हॉर्न देतात, ती पोलिशमध्ये त्यांना काहीतरी म्हणते. दोन तासांच्या रस्त्यात मी मनातल्या मनात इंग्रजी वाक्यं जुळवत होते आणि मोडत होते. टेकडी आली. वर मोठं चर्च, आणि उतारावर ओळीने दगड. ताईने मला हात धरून फिरवलं. कुठे लढाईत गेलेल्यांचा, कुठे बर्फात राहिलेल्यांच्या आठवणीसाठी नुसताच दगड, खाली कुणी पुरलेलं नाही. एका दगडावर ते लोक ज्या ज्या देशांतून गेले त्यांची नावं होती. ताईने बोट ठेवून दाखवलं, इंडिया. दगड उन्हाने तापला होता. मी त्या अक्षरांवर हात ठेवला. घरून आणलेलं जास्वंदीचं फूल तिथे ठेवलं. आईला जास्वंद आवडायची.

खाली हॉलमध्ये जेवण होतं. कोबी, बीटचं सार, त्यावर शेपू. कडेला सातआठ फार म्हातारी माणसं बसली होती, बाकी त्यांची मुलं-नातवंडं. ताईने मला एका बाईपुढे नेलं. चाकाच्या खुर्चीत, केस कापसासारखे, गळ्याशी ब्रोच. नव्वदीला आलेली. ताईने तिच्या कानाशी वळिवडे म्हटलं आणि माझ्याकडे बोट केलं. त्या बाईने माझ्या साडीकडे पाहिलं, चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तोंड उघडून म्हणाली,

"दूध बाई दूध."

पहिलं दूध वर, दुसरं खाली. अगदी तस्सं. आई गेल्यानंतर मी ती हाळी ऐकली नव्हती. मी तिच्यासमोर जमिनीवरच बसले. कुणी खुर्ची आणली, मी बसले नाही.

ती बोलत होती, ताई इंग्रजीत सांगत होती. मुलांच्या पायांना भाजणारी माती, डबक्यातले बेडूक, शाळेतलं नाटक. त्यात मला माझ्या आईचं लहानपण दुसऱ्या बाजूने दिसत होतं, कुंपणाच्या पलीकडून दिसावं तसं. मग ती म्हणाली, एक गोष्ट आम्ही सगळे सांगतो. वळिवड्याहून आम्ही इंग्लंडला गेलो, तिथे पत्र्याच्या बराकी, थंडी, हातात काही नाही. दर नाताळला कुणी ना कुणी ही गोष्ट सांगायचं. आमची गाडी सुटायच्या वेळी एक गरीब गवळी आपली एकुलती एक म्हैस घेऊन स्टेशनावर आला. आम्हाला भेट द्यायला. आमच्याकडून जगाने सगळं काढून घेतलं होतं, आणि हा माणूस म्हैस देत होता. हे ऐकलं की आम्हाला बरं वाटायचं.

भोवतीची तिची मुलं-नातवंडं माना डोलवत होती, ऐकून पाठ असलेल्या गोष्टीला डोलवतात तशी. ताई माझ्याकडे बघत होती. हळूच म्हणाली, "राहू दे आजी. छान गोष्ट आहे. पैसे चर्चच्या दानपेटीत टाकू."

मलाही तसंच वाटलं. माझ्या आजोबांना सगळे केवढं मोठं करत होते. आणि मी उठून ते खोडायचं? वीस-पंचवीस माणसं होती. पण मला तो मळका चौकोन दिसत होता, चुन्यातून सोडलेला. आजी तो का सोडत होती? भेट दिली असती तर तिने कधीच चुना फिरवला असता.

मी म्हणाले, "नो. नॉट गिफ्ट." मग इंग्रजी संपलं. मी मराठीत आणि हातवाऱ्यांनी आणि इंग्रजीच्या तुकड्यांनी सांगत गेले आणि ताई मागून जोडत गेली. तो गवळी माझ्या आईचा बाप. म्हैस तुमच्याच पैशांची होती. तुमच्या एका मास्तरणीने पैसे दिले होते, दूध देऊन फेडायचे होते, निम्मे फिटले आणि तुम्ही निघालात. तो द्यायला आला होता ते तुमचं होतं. ते अजून राहिलं आहे. आणि मी पाकीट काढून तिच्या मांडीवर ठेवलं.

डोलणाऱ्या माना थांबल्या. मला वाटलं आपण वाईट केलं, या लोकांचा नाताळ नासवला. म्हातारीने पाकिटावरच्या गणपतीवरून बोट फिरवलं. विचार करत होती. मग तिने विचारलं, ताईने मला सांगितलं, "निम्मं दूध तर त्याने दिलं होतं. मग पूर्ण म्हैस का आणली?"

मी म्हटलं, "अर्धी म्हैस कशी आणणार?"

ताईने ते पोलिशमध्ये सांगितलं आणि म्हातारी हसायला लागली. आधी खांदे हलले, मग आवाज आला, मग सगळेच हसले. तिने डोळे पुसले. म्हणाली, म्हणजे आमची गोष्ट अर्धी खरी आहे. अर्धी म्हैस तो भेटच देत होता. ती अर्धी आम्ही ठेवतो, ती तुला परत मिळणार नाही.

मी विचारलं, ती मास्तरीण कोण असेल? ती म्हणाली, शाळेत पुष्कळ बाई होत्या, कोण ते मी सांगू शकत नाही, खोटं कशाला सांगू. त्यातल्या दोघी वर टेकडीवर दगडांखाली आहेत. बाकीच्या कुठे कुठे राहिल्या. इथे दर शनिवारी आमची मुलं पोलिश शिकायला येतात, त्यांच्यासाठी मी त्या सगळ्यांच्या वतीने घेते. चालेल?

मी मान हलवली.

तिच्या मुलाने पाकीट घ्यायला हात पुढे केला, न मोजताच खिशात घालणार होता. तिने त्याच्या हातावर चापट मारली. पाकीट उघडलं आणि एकेक नोट टेबलावर ठेवत मोठ्याने मोजायला लागली, तिच्या भाषेत, थांबत थांबत. मला त्यांचे आकडे येत नाहीत. पण मी प्रत्येक नोटेबरोबर मराठीत आकडा पुटपुटत होते, आणि प्रत्येक वेळी माझं बोट आपोआप, आई काव परकराला पुसायची तसं, साडीवर फिरत होतं. शेवटची नोट ठेवल्यावर तिने रिकामं पाकीट उघडून मला दाखवलं, आत काही उरलं नाही म्हणून, आणि दोन्ही हात झटकले. देणं पूर्ण फिटलं.